रिकाम्या रॅकची गाडी

मी मुळात चौकस. घरचे याला भोचकपणा म्हणतात, विशेषतः माझा नवरा. पण चौकात उभं राहून पोट भरणाऱ्या बाईनं चौकस नसावं तर काय करावं? ट्राफिकमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला गाडीच्या चालीवरून आत काय चाललंय ते कळतं. नवरा-बायको भांडत असले की सिग्नल सुटला तरी गाडी जरा उशिरा हलते. लायसन्स घरी विसरलेला माणूस माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेतो. त्यामुळे एखादी गाडी कळली नाही, की मला चैन पडत नाही.

ही एक गाडी काही केल्या कळत नव्हती. दर रविवारी सकाळी, दुकानांची शटर्स अजून खाली असताना, ती पुलाकडे जायची. राखाडी रंगाची, जुनी, पण स्वच्छ धुतलेली. डिकीवर सायकल अडकवायचा लोखंडी रॅक, आणि रॅकवर सायकल नाही. रॅकच्या दांड्यांना एक रबरी पायपुसणं सुतळीनं बांधलेलं, ते खाली लोंबायचं आणि नेमकी नंबर प्लेट झाकायचं. म्हणजे सायकलचा पत्ता नाही आणि नंबरचाही नाही. बरं, चाल म्हणाल तर पायी जाणारा पुढे निघून जाईल अशी. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे, शिव्या घालत बाजूनं काढायचे, पण हा पठ्ठ्या ढिम्म.

आणि खरी गंमत पुढेच आहे. थोड्या वेळानं तीच गाडी पलीकडच्या लेननं परत यायची. मध्ये झाडं, त्यामुळे मला दिसायची फक्त तिची पाठ. पण तेवढ्यात एवढं कळायचं की आता रॅकवर सायकल आहे. जाताना रिकामा, येताना भरलेला. दर रविवारी.

माझ्या ड्युटीवरच्या जोडीदाराला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो तोंड उघडण्याआधी शिट्टी फुंकतो. त्याचं मत पडलं की हा सायकलचोर. मी म्हटलं, अरे, चोर झाला तरी दर रविवारी एकेक सायकल चोरेल आणि कुठे बोंबाबोंब होणार नाही? घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी भाजी निवडता निवडता निकाल लावून टाकला. त्याचं बाहेर काहीतरी आहे म्हणाल्या. मी विचारलं, बाहेर भानगड असलेला माणूस सायकल कशाला आणेल? तर म्हणाल्या, घरी सांगायला, की व्यायामाला गेलो होतो. सासूबाई पोलिसात असत्या तर आज साहेब झाल्या असत्या.

नवरा म्हणाला, तुला काय करायचंय, नंबर झाकलाय ना, पावती फाड आणि मोकळी हो. बरोबर होतं त्याचं. नियम सरळ आहे, नंबर दिसलाच पाहिजे. उद्या ती गाडी कुणाला ठोकून गेली तर काय सांगायचं, पायपुसणं पळून गेलं म्हणून? पण मला पावतीपेक्षा त्या सायकलचं कोडं जास्त छळत होतं. माझ्या चौकात कुठेतरी पाणी मुरतंय आणि मला ते कळत नाही, याचाच राग होता.

शेवटी एका रविवारी मी रस्त्यात उतरले आणि हात दाखवला. गाडी थांबली नाही. खरंच सांगते, माझ्याकडे न बघता ती तशीच पुढे सरकत राहिली. मग मात्र माझं डोकं फिरलं. चार पावलं पळत जाऊन मी बॉनेटवर हात आपटला.

काच खाली झाली. आत चाळिशीतला माणूस, दाढी वाढलेली, अंगावर झोपायचाच शर्ट. मी लायसन्स मागितलं. तो म्हणाला, "मॅडम, देतो, सगळं देतो. फक्त आत्ता जाऊ द्या. परत येताना स्वतः थांबतो." मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात. मग तो म्हणाला की वडील पुढे गेलेत. आता रस्त्यात अडवलं की निम्म्या लोकांचे वडील दवाखान्यात असतात, ते मला पाठ आहे. मी हात आत घालून किल्ली काढून घेतली आणि विचारलं, कुठे गेलेत वडील?

"पुढे. सायकलवर."

मी हसले. त्याला मागे नेलं, पायपुसणं वर उचलून दाखवलं, नंबर झाकणं हा गुन्हा आहे ते सांगितलं. तो ऐकतच नव्हता. सायकलचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून ते बांधलंय, असं काहीतरी पुटपुटला, पण नजर पुलाकडे. शिट्टीही येऊन उभा राहिला आणि त्यानं सायकली कुठे विकतोस म्हणून उलटतपासणी सुरू केली. आणि मग तो माणूस पळाला. गाडी, किल्ली, सगळं आमच्या हातात टाकून, पायातल्या चपला उडवत, पुलाच्या दिशेनं. पण पळून जाणारा माणूस हाका मारत पळत नाही. हा हाका मारत होता. "काका, थांबा! अहो काका!"

तेव्हा मी पुलाकडे वळून बघितलं. कारण नुकतेच माझ्या समोरून एक म्हातारे गृहस्थ गेले होते, उंच काळी सायकल, पँटच्या पायाला क्लिप. दर रविवारी जायचे. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला एक पाय टेकवून थांबायचे. त्यांचं मला कौतुक होतं, पण त्यापलीकडे मी कधी बघितलं नाही. सायकलला नंबर नसतो ना, त्यामुळे आमची नजर तिच्यावर ठरत नाही. गाडीच्या मागे काय आहे, याचा मी इतके रविवार विचार केला आणि पुढे काय आहे ते बघितलंच नाही.

मोटरसायकल काढून मी त्याला पुलाच्या तोंडाशी गाठलं. कठड्याला धरून धापा टाकत होता. तुटक तुटक बोलला त्यातून कळलं ते असं. वडिलांना विसरायला होतं. सायकल अजून झकास चालवतात, सिग्नल पाळतात, जन्मभर नोकरी केली त्या जुन्या कारखान्याचा रस्ता आपोआप धरतात. फक्त परत कसं यायचं ते आठवत नाही. पूल ओलांडला की गोंधळून उभे राहतात. तिथेच हा त्यांना गाठतो आणि घरी आणतो. पण आज पुलापलीकडे कुणी उभं नव्हतं. पुढे रस्त्याला दोन फाटे, एक हायवेला लागणारा.

नियमानं माझं काहीच चुकलं नव्हतं, आणि तरी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली, त्याचा मोबाईल नंबर घेतला. शिट्टी गाडी घेऊन येतोय, तुम्ही हायवे बघा, मी दुसरा रस्ता बघते, असं सांगून निघाले आणि मग लक्षात आलं की किल्ली याच्याकडे, तर शिट्टी गाडी कशी आणणार? परत वळून त्याला मागे बसवून गाडीपाशी सोडलं. इतकी भांबावले होते मी.

हायवेवर दर मिनिटाला ट्रक जातात. मी दुसऱ्या रस्त्यानं गोदामांच्या मधून जात होते आणि मनात एकच, की देवा, हायवेला नको. एकेका फाटकात डोकावत गेले. पेट्रोल पंपावर विचारलं, कुणी पाहिलं नव्हतं. रस्ता जिथे संपतो तिथे पत्र्याचं कुंपण आहे. त्या कुंपणापाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, सायकल स्टँडवर लावून ते उभे होते. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पण उभे असे की जणू बसची वाट बघतायत.

मी घाईघाईनं फोन करून त्याला सांगितलं, सापडले, आणि ठिकाण सांगितलं. मग जवळ गेले. वर्दी बघून ते सावरून उभे राहिले आणि म्हणाले की सिग्नल मोडलेला नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे, काका, मी दर रविवारी बघते तुम्हाला. मग ते जरा सैलावले. सायकलच्या हँडलला छोटा गोल आरसा होता, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, माझ्यामागे एक गाडी असते. आज दिसेनाशी झाली. ती शोधता शोधता मी भलतीकडे आलो."

मी विचारलं, कुणाची गाडी?

"नाव विचारायचं राहूनच जातं. भला माणूस आहे. मी दमलो की सायकल मागे अडकवतो आणि घरी सोडतो. पण हे माझ्या मुलाला सांगू नका हं. तो हळवा आहे. सायकल कुलपात टाकेल."

वाटलं, सांगून टाकावं, की अहो, तोच तुमचा मुलगा. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात गाडी आली. आता हा 'बाबा' म्हणून मिठी मारेल या हिशेबानं मी बाजूला झाले. तो उतरला, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि अगदी सहज म्हणाला, "काय काका, येताय का? त्याच बाजूला चाललोय."

म्हातारबाबांचा चेहरा उजळला. उशीर झाला आज तुम्हाला, म्हणाले. दोघांनी मिळून सायकल रॅकवर चढवली. रंग जाईल, जपून, असं बजावत वडिलांनी स्वतः पायपुसणं सारखं केलं आणि मग पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी पायपुसण्याचं लोंबणारं टोक वर दुमडून दोरीत खोचलं, म्हटलं नंबर दिसू दे आणि उद्याच्या उद्या एक जादा प्लेट रॅकवर लावून घ्या. हे मी का सांगत बसले कोण जाणे. गप्प उभं राहवत नव्हतं, एवढंच.

तो हळू आवाजात म्हणाला की पहिल्या वेळी 'बाबा' म्हणून हात धरला, तर ते घाबरले, मला ओढून नेतायत म्हणून ओरडले, माणसं जमली. पुढच्या वेळी काका म्हटलं, तर मुकाट्यानं गाडीत बसले. घरी जिना चढले की ओळखतात. मग आज कोण भला माणूस भेटला ते त्यालाच कौतुकानं सांगतात.

मी विचारलं, "मग तेव्हा सांगत का नाही, की तो मीच म्हणून?"

"सांगितलं होतं एकदा. खूप रडले. मग दोन रविवार सायकलला हातच लावला नाही. नुसते खिडकीत बसून राहिले."

पावतीचं पुस्तक खिशात होतं, ते खिशातच राहिलं. तो जाऊन स्टिअरिंगवर बसला. काच उघडीच होती. म्हातारे गृहस्थ त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी एवढा रविवार घालवता. घरी वडील आहेत का तुमचे?"

"आहेत."

"मग त्यांचं कोण बघतं?"

तो किल्ली फिरवता फिरवता थांबला. "मीच बघतो, काका."

"नशीबवान आहेत," ते म्हणाले, आणि सीटबेल्ट शोधू लागले.