आत्याची तुलना कोणाशी करायची?

वर्षभरापासून आत्या विसरायला लागली होती. सांगितलेली वेळ विसरायची, निरोप विसरायची. शेवटी मीच तिला माझ्या दवाखान्यात आणलं. मेंदूच्या लहरींचे आलेख काढणं हेच माझं काम.

"केसांचं पार वाटोळं केलंस," डोक्यावरच्या तारांच्या टोपीत मी चिकट जेल भरत होतो तेव्हा ती म्हणाली. चाळीस वर्षं पोहायला शिकवलेली बाई. आता एकाहत्तरची असली तरी आवाज तलावाच्या पलीकडच्या काठाला पोहोचेल असा.

शेजारच्या खोलीतून मी माइकवर तीनदा सांगितलं, "आत्या, आता डोळे उघड." ढिम्म! डुलकी लागली असेल म्हणून आत जाऊन खांदा हलवला, तर पठ्ठी चांगली जागी.

संगणकाने आलेख निरोगी माणसांच्या नेहमीच्या नमुन्याशी ताडून पाहिला आणि डोक्याचं चित्र लालभडक केलं. लहरी फार मंद! डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

"अरे, या नमुन्यातला सगळ्यात मोठा माणूस पंचावन्नचा आहे," त्या म्हणाल्या आणि नव्वदीपर्यंतच्या माणसांचा नमुना लावला. लाल गेलं, पिवळं आलं. माझ्या जिवात जीव आला, पण अर्धाच.

"यांचा स्वतःचा जुना आलेख असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या.

होता ना! नऊ वर्षांपूर्वी मी शिकाऊ असताना सरावाला हक्काचं डोकं आत्याचंच होतं. दोन्ही आलेख शेजारी ठेवले. तेव्हा सेकंदाला साडेआठ लहरी, आताही साडेआठ.

"मेंदू पहिल्यापासूनच निवांत आहे यांचा," बाई हसल्या.

"मग विसरते कशी?"

तेवढ्यात मला ते 'डोळे उघड' आठवलं आणि मी बाईंना सांगितलं. त्या आत्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोहायला येता का?" आत्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसली.

दुसऱ्या दिवशी कान तपासले. दोन्ही निम्मे गेले होते.

आठवड्याने यंत्रं बसवून घरी येताना मी चिडून विचारलं, "ऐकू येत नाही हे सांगायचं नाही का?"

"विसरले म्हटलं की तुम्ही जवळ बसून, हात धरून परत सांगायचात," आत्या म्हणाली. "बहिरी म्हटलं असतं तर नुसते ओरडला असतात."

मी तिचा हात धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला.