उंबऱ्याखालची सावली

"माणसं काढून टाक," जिनेंद्रसर फोनवर म्हणाले होते. "घर दिसलं पाहिजे. हे आर्किटेक्चरचं प्रदर्शन आहे, लग्नाचा अल्बम नाही."

मातीच्या घरांच्या त्यांच्या प्रदर्शनाचं सगळं डिझाइन दीप्तीकडे होतं. लेक प्रीती झाल्यापासून घरी बसून मिळालेलं पहिलंच मोठं काम, त्यामुळे ती हूं की चूं न करता कामाला लागली. तिनेच काढलेल्या मुरगूडच्या घराच्या फोटोत घरमालकीण तानूबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती, आणि तिच्या मांडीवर दीप्तीचीच प्रीती. फोटोच्या दिवशी पोरीने रडून गोंधळ घातला, तेव्हा म्हातारीनेच तिला उचलून घेतलं होतं. म्हातारीचं तंबाखूच्या मशेरीचं बोट पोरीच्या तोंडात तर जात नाही ना, याकडेच तेव्हा दीप्तीचं सगळं लक्ष होतं.

कॉम्प्युटरवर तिने शेजारची भिंत आणि दार उचलून दोघींवर चिकटवलं. घर कसं मोकळं दिसायला लागलं. सर खूश झाले.

आणि आज उद्घाटनाच्या गर्दीत तानूबाई तेच लुगडं नेसून उभी होती. गल्लीतल्या दोघी बायकांना घेऊन एसटीने कोल्हापूरला आली होती.

"कुठं हाईस गं तानाक्का?" एकीने भिंतीवरचा भला मोठा फोटो निरखला. "गल्लीभर सांगत हुतीस की, मी फोटूत हाय म्हणून!"

"थांब की जरा! हितंच बसलोतो न्हवं मी."

तानूबाईचं बोट फोटोवरून फिरत उंबऱ्याखाली थांबलं. तिथे जमिनीवर एक वाकडी सावली पडली होती. दीप्तीच्या हातून ती तशीच राहून गेली होती.

"ही बघ! ही माजी सावली."

"सावली तेवढी आली, आन् तू चुलीम्होरंच ऱ्हायलीस व्हय?" दोघी फिदीफिदी हसल्या.

दीप्ती प्रीतीला कडेवर घेऊन खांबाआड सरकली. पण पोरगीच ओरडली, "आज्जी!"

तानूबाई जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "माजंच चुकलं बघ, बाई. तू हालू नगा म्हणालतीस. ही वळवळत हुती, तवा हाललो आसंन मी. म्हणून उमटलो न्हाय."

नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळं तिथेच मिटलं असतं. दीप्तीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नाही मावशी. तुम्ही छान आला होतात. मीच तुम्हाला काढून टाकलं."

तानूबाईला ते आधी कळेचना. मग तिने स्वतःच्या लुगड्याकडे बघितलं.

"का गं? वंगाळ दिसत हुतो व्हय?"

दीप्तीला सरांचं नाव पुढे करायचीही लाज वाटली.

"आन् हिला? हिलाबी काढलीस?"

म्हातारीने प्रीतीच्या गालाकडे हात नेला, मध्येच थांबली, मशेरीचं बोट पदराला खसाखसा पुसलं आणि मगच गालाला लावलं. म्हणजे त्या दिवशी दीप्तीची नजर कशावर होती, ते तिच्या लक्षात आलं होतं.