व्हॉल्व्हवरचा टेम्पो

संभाजीनगरच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी कुणी मेलं तरी आधी हंडे भरतात, मग रडतात. आणि नेमका त्याच दिवशी, बरोबर अकरा वाजता, पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणावर पांढरा टेम्पो उभा! पुण्याचे पाहुणे जुने दरवाजे बघायला आलेत म्हणे. बघा ना बाबा, कोण नाय म्हणतंय? पण गाडी आमच्या उरावर कशाला?

घरात माझी लेक सरिता बाळंतीण, दहा दिवसांचं लेकरू. टाकी रात्रीच कोरडी ठाक. लेकराच्या अंघोळीपुरतंसुद्धा पाणी नाय.

व्हॉल्व्ह सोडणारा पुंजाराम चावी घेऊन ताटकळला होता. "लीलाकाकू, पंधरा मिनिटं थांबतो. गाडी नाय हलली तर पुढच्या गल्लीला पाणी सोडीन. मग तुमची पाळी पुढच्या आठवड्यात."

मी तशीच अनवाणी ड्रायव्हरला शोधत पळत सुटले. दरवाजाच्या कमानीखाली कुणी नाय, बाजारात कुणी नाय. शेवटी पाण्याच्या जुन्या नहरीच्या मनोऱ्यापाशी पाहुण्यांच्या टोप्या दिसल्या. पंधरा-वीस माणसं मोबाईल वर करून उभी. आणि मधोमध भाषण कोण ठोकतंय? आमचे हे! एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, मोतीराम.

"चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी खापराच्या नळांनी या शहरात आणलं!" हे सांगत होते.

"आणि आज त्या पाण्यावर गाडी कुणी उभी केली, ते पण सांगा की!" मी ओरडले.

ड्रायव्हर पुढं आला. "मावशी, ह्या काकांनीच तिथं लावायला सांगितली. शिट्टी मारत, 'येऊ द्या, येऊ द्या' करत मागं घेतली."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी खाली बघितलं. अहो, तीस वर्षं एसटी मागं घेतली तुम्ही! मागची भिंत दिसली, चाकाखालचं झाकण नाय दिसलं? रस्ताभर मी हेच बोलत आले. ड्रायव्हर आमच्या पुढं पळत होता.

पुंजाराम गेला होता. बारा घरांच्या बाया रिकामी भांडी घेऊन दारात उभ्या. टेम्पो हलला, पण आता हलून काय उपयोग? पाहुण्यांतल्या एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

"राहू द्या बाई, प्रवासात लागंल तुम्हाला," मी म्हणलं. चांगली होती बिचारी, पण माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

ह्यांनी गुपचूप हंडा उचलला अन् पुढच्या गल्लीत निघाले. दुसऱ्याच्या पाण्याच्या दिवशी त्याच्या दारात हंडा घेऊन जायचं, असं आमच्याकडं कुणी करत नाय. ती भीकच. मी भांडायला मागं गेले.

तिथल्या पहिल्याच घरातल्या कडूबाईनं दारातच विचारलं, "का हो, तुमच्या गल्लीला आज पाणी नाय आलं?"

"माझ्यामुळं नाय आलं," हे म्हणाले. चारचौघांत, मान वर करून.

कडूबाईनं हंडा भरून दिला.

"हा लेकराला," वाटेत हे म्हणाले. "मग राहिलेल्या अकरा घरांना एकेक."

"एवढ्या खेपांना गुडघे कुणाचे आणणार?"

"चूक माझी हाय, लीला."

राग असा आला होता की तोच हंडा डोक्यात घालावा. "आज माझ्याशी बोलूच नका," मी म्हणलं, आणि घरातून दुसरा हंडा घेऊन त्यांच्या पुढं चालू लागले.