आईची फेरमोजणी

"आई, तू नापास झालीस तर तुझ्या पालकांना बोलावतात का गं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव! आणि तुफानला (हे नाव त्यांनीच ठेवलेलं) हल्ली कशाचीच भीती वाटत नव्हती. वक्तृत्व स्पर्धेत अख्खं सभागृह हसवल्यापासून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आईसुद्धा हसेल, मग जवळ ओढून घेईल, असा तिचा अंदाज.

आई हसली नाही. लॅपटॉप मिटून म्हणाली, "झालेच बघ मी नापास."

बाबांनी गॅस बंद केला.

आई लिफ्टच्या कंपनीत संचालक. नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करत होती. लिफ्ट बंद पडणार हे तिच्या थरथरण्यावरून आधीच ओळखता येईल का, हा तिचा विषय. दिवसभर ऑफिस, घरी आली की दार लावून अभ्यास. आणि भिंतीपलीकडे तुफान, आपल्याच विनोदांना आपणच हसत बसलेली.

"झालं काय पण?" बाबांनी विचारलं.

"मोजणी माझ्या माणसांकडून करून घेतली, नेहमीसारखी. तक्ते असे चकचकीत! आणि गाईड विचारतात, 'बाई, ही नोंद घेताना लिफ्टचा आवाज कसा येत होता?' मी तर तिथे गेलेच नव्हते. म्हणाले, 'मग पदवी तुम्हाला द्यायची की तुमच्या स्टाफला?'"

तुफानला खुदकन हसू आलं, ते तिनं गिळलं. जन्मभर दुसऱ्यांना कामं सांगणारी आपली आई, आणि तिला अशी बोलणी!

"आता सगळं पुन्हा, स्वतः मोजायचं. दर रविवारी, कारण तेव्हाच ऑफिसांच्या इमारती रिकाम्या असतात." आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "नकोच ते. रविवार तेवढा हिच्या वाट्याला उरलाय. हिच्यासाठी सोडते मी."

हेच तर हवं होतं! देवाजवळ कितीदा तरी मागून झालं होतं. खरं तर तिनं उड्याच मारायच्या. पण आईचा आवाज असा पडलेला, की पुढचे सगळे रविवार तिला दिसायला लागले. आई शेजारी बसलीय, डोकं मात्र त्या लिफ्टमध्येच अडकलंय. बोलायचं तरी कुणाशी? त्यापेक्षा भिंतीपलीकडचं एकटेपण परवडलं.

ती उठली. व्यासपीठावर उभी राहायची तशी उभी राहिली.

"ऐका दोघंही. बाबांचं रविवारी दुकान असतं, तू जाशील मोजायला, म्हणून मी आत्याकडे जाणार. तिच्या गल्लीतल्या नाटकाच्या वर्गात नाव घालणार. मला करमणार नाही, आई. रागही येईल, आणि मी तो गिळणार नाही, सांगून ठेवते. पण माझं निमित्त करून तू डॉक्टरेट सोडायची नाहीस. माझं ठरलंय."