बाकावरचा अर्धा तास

"नाही म्हणजे नाही, आई. परत ती सुई मी तिला टोचू देणार नाही."

सूनबाईने आतून कडी लावली. बंद दारासमोर सिस्टर हातात पर्स धरून उभ्या राहिल्या. तीस वर्षं गावभरच्या पोरांना लस टोचणाऱ्या बाईची स्वतःच्या घरात ही शोभा!

चूक त्यांचीच होती. आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक आईला त्या सगळं समजावून सांगायच्या. लस कशाची, ताप येईल, घाबरू नका, पुढचा डोस कधी. नातीच्या पहिल्या डोसाला मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं? संध्याकाळी तान्ही तापाने फणफणली. सिस्टर ड्यूटीवर होत्या आणि सूनबाई एकटीच तिला छातीशी धरून रडत बसली होती.

आज दुसऱ्या डोसाची तारीख होती, आणि सकाळीच केंद्रात डांग्या खोकल्याचं एक बाळ आलं होतं. खोकून खोकून निळं पडायचं, मग श्वास आत ओढताना तो आवाज. सात वर्षांच्या असताना सिस्टरांनी तो धाकट्या बहिणीच्या तोंडून ऐकला होता. तिसऱ्या दिवशी तो आवाज थांबला, तेव्हा घरातल्यांना आधी वाटलं, पोरीला आराम पडला. आजचं बाळ त्यांच्या घरापासून तिसऱ्या दारातलं होतं.

सिस्टर उंबऱ्याशी खाली बसल्या.

"माझं चुकलं गं. परक्यांना सांगते ते तुला सांगितलं नाही. लसीत डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात, ते आजार देत नाहीत. पण अंगाला त्यांची ओळख पटते, लढायची तालीम होते. ताप आला तो त्या तालमीचा. एका डोसाने ओळख कच्ची राहते, म्हणून दुसरा."

आतून बारीक आवाजात, "आणि काही झालं तर?"

"लाखांत एखाद्याला लगेच त्रास होतो. खोटं कशाला सांगू? म्हणून तर अर्धा तास बसवून ठेवतो. औषध हाताशी असतं."

दुसऱ्या दिवशी सूनबाई लसीचं कार्ड घेऊन केंद्राच्या रांगेत उभी होती. सिस्टरांनी सुई धाकट्या नर्सच्या हाती दिली. स्वतःच्या हातांचा त्यांना भरवसा नव्हता. तान्ही कळवळून रडली, मग निजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सिस्टर बाळांच्या आयांच्या बाकावर बसल्या.

"आई, सुई तुम्ही का नाही टोचलीत? तुम्हालाही भीती वाटते?"

"रोज वाटते. पण सुईची नाही."

आणि त्यांनी बहिणीचं सांगितलं. पोटच्या लेकालाही कधी सांगितलं नव्हतं. सूनबाई जवळ सरकली.

अर्धा तास होऊन गेला, तरी दोघी उठल्या नाहीत. तेवढ्यात झोपेतच तान्ही खोकली, अगदी साधं, एकदाच. दोघींचेही श्वास अडकले. तान्हीने जांभई दिली, आजीचं बोट मुठीत धरलं आणि कूस बदलली.