तळाचं तेल

खाजाभाईने तेलाचा थेंब चिमटीत चोळला, नाकाशी नेला आणि हातातला चहा दुकानाच्या पायरीवर ठेवून दिला.

"ये तो कार का है," तो म्हणाला. "दामाद के बाईक में येइच डाले क्या?"

निवृत्ती अजून हसतच होता. पुतलीबावलीच्या त्या गल्लीत दोघांनी समोरासमोर आयुष्य काढलं होतं. खाजाभाई मोटारसायकलींचा मिस्त्री. निवृत्ती समोरच्या कारच्या सर्व्हिस सेंटरात गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून बावीस वर्षं गाड्यांची पोटं रिकामी करत आलेला. सेंटरात एक रीत होती. तेलाचा डबा गाडीत ओतून झाला की तळाशी जे राहील ते खड्ड्यातल्या माणसाचं. बाकीचे ते शिलाई मशीनला नाहीतर दाराच्या बिजागऱ्यांना नेत. निवृत्तीने तसं केलं नाही. सगळ्यात भारी गाड्यांचे डबे हेरून, एकेक उलटा टेकवून, तीन महिने त्याने थेंब थेंब जमवलं, मलमलीच्या फडक्यातून गाळलं आणि चार दिवसांपूर्वी पुरानापुलाला लेकीकडे जाऊन जावयाच्या, प्रज्ञेशच्या, बाईकमध्ये स्वतःच्या हाताने भरलं. लेकीकडे जाताना कुणी तुपाची बरणी नेतं. निवृत्तीने हे नेलं. उरलेलं दोन बोटं तेल आज तो मोठ्या कौतुकाने खाजाभाईला दाखवायला आला होता.

"उंची आहे ना?" त्याने विचारलं.

उंची आहे म्हणूनच वाईट, असं खाजाभाईने त्याला सांगितलं. कारचा क्लच कोरडा, इंजिनापासून वेगळा बसतो. बाईकचा क्लच मात्र इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा कुठे चाकाला जोर मिळतो. आणि हे पातळ, पेट्रोल वाचवणारं तेल; त्यात घर्षण मारायचं औषध घातलेलं. प्लेटा धरायच्या सोडून घसरतात. बाईकसाठी डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत एमए-टू लिहिलेलं तेलच लागतं. प्रज्ञेशच्या गाडीच्या प्लेटा तर आठ वर्षांच्या, झिजलेल्या.

"फिसलेंगे तो कब फिसलेंगे?" निवृत्तीने विचारलं. त्याचं हसू कधी गेलं ते त्याला कळलंही नाही.

"जब जोर लगाना पडता ना, तब. चढाव पे. नैतो लॉरी को ओव्हरटेक करते वक्त."

 परवाच प्रज्ञेशचा फोन आला होता. मामा, पुलावर चढताना गाडी नुसती ओरडते, पळत नाही, असं तो म्हणाला होता. त्यावर निवृत्तीने काय सांगावं? की बापू, गाडीने नवे कपडे घातलेत, जरा मिरवू द्या तिला. आणि दोघं हसले होते.

आज रविवार. प्रज्ञेशच्या भावाच्या नव्या घरी संगारेड्डीला बुद्धवंदना होती. दहा वाजता ते तिघं निघाले होते: प्रज्ञेश, मागे लेक रेणुका, आणि रेणुकाच्या छातीशी ओढणीने बांधलेली सात महिन्यांची सांची. आता साडेदहा होत आले होते. पटनचेरूच्या पुढे तो रस्ता सगळा लॉऱ्यांचा आणि टँकरांचा.

त्याने प्रज्ञेशला फोन लावला. गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे. निवृत्तीनेच त्याला तशी शपथ घातली होती. रेणुकाचा नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. खाजाभाईने फळीवरून तेलाचा डबा काढला, पाने पिशवीत टाकले, अर्धं शटर ओढलं आणि स्कूटर चालू केली.

अमीरपेटला सिग्नल, एर्रागड्डाला गर्दी, कुकटपल्लीला अर्धा रस्ता खणून ठेवलेला. निवृत्ती मागे बसून फोन लावत होता. दर वेळी घंटी संपायची आणि तेलुगूतली बाई शांतपणे काहीतरी सांगायची. मनातल्या मनात त्याने त्रिशरण सुरू केलं. तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा मध्येच विसरलं. बालपणापासून पाठ असलेले शब्द, पण त्यांच्या जागी सांचीची टोपी यायची. पिवळी, कानांवर येणारी, हनुवटीखाली बांधायचा बंद असलेली. तो बंद रेणुका सैल बांधते, पोरीला टोचतो म्हणून. टाळू अजून भरलेली नाही पोरीची. दुचाकीवर इतक्या लहान लेकराला नेऊ नका, असं आपण एकदाही म्हटलं नाही. उलट म्हटलं, जा खुशाल, गाडी लोण्यासारखी चालेल.

पटनचेरूच्या अलीकडे रस्ता तुंबला. पुढे माणसं गोळा झाली होती, एक लॉरी आडवी उभी होती, आणि तिच्या चाकापाशी काहीतरी पिवळं पडलेलं दिसत होतं.

"उधर नक्को देखो," खाजाभाई म्हणाला आणि स्कूटर कडेने घातली.

पण निवृत्तीने पाहिलं. लिंबं होती. फुटलेल्या पोत्यातली लिंबं, रस्ताभर. माणसं ती वेचत होती. निवृत्तीच्या तोंडून जो आवाज निघाला तो खाजाभाईने आयुष्यात ऐकला नव्हता. त्याने मागे वळून न बघता एक हात मागे नेला आणि निवृत्तीच्या गुडघ्यावर ठेवला.

इस्नापूरला पोचायच्या आत फोन वाजला. रेणुकाचा.

"अप्पा, एवढे फोन? मोबाईल बॅगेत होता. गाडी बंद पडल्यासारखी झालीय, कडेला थांबलोय आम्ही."

निवृत्तीला पुढचं विचारायचं होतं. 

"बच्ची का पूछो," पुढून खाजाभाई ओरडला.

"सांची?"

"उठली. रडतेय बघा."

तिने फोन पोरीजवळ धरला असावा. निवृत्ती ते रडणं ऐकत राहिला. ते थांबू नये असं त्याला वाटत होतं.

ते तिघं एका पंक्चरवाल्याच्या छपराखाली बसले होते. रेणुकाचं कोपर खरचटलं होतं. टँकरला मागे टाकायला प्रज्ञेशने गाडी बाहेर काढली, ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन किंचाळलं आणि गाडी मात्र जागच्या जागी मेल्यासारखी झाली. समोरून बस येत होती. त्याने ब्रेक दाबून गाडी मागे ओढली, हँडल टँकरला घासलं, आणि ते मातीत उतरले. एवढंच, असं प्रज्ञेश म्हणाला. 

"माझंच चुकलं मामा," तो म्हणाला. "लेकरू सोबत असताना ओव्हरटेक घ्यायलाच नको होता."

खाजाभाईने खाली वाकून तेलाचा बोल्ट शोधायला सुरुवात केली. तो काही बोलणार नव्हता; निवृत्तीला ते ठाऊक होतं. इथे गप्प राहिलं तरी चाललं असतं.

"तुमचं नाही चुकलं बापू," निवृत्ती म्हणाला. "मी भरलेल्या तेलानं झालं. कारचं तेल होतं ते. तुम्ही मला फोनवर सांगितलं, तरी मी हसलो."

रेणुकाने बापाकडे पाहिलं, मग पोरीला घेऊन छपराच्या पलीकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली.  एक लॉरी गेली, दुसरी गेली.

खाजाभाईच्या हातातला पाना निवृत्तीने काढून घेतला. बोल्ट त्यानेच सोडला, तेल त्यानेच काढलं, नवं त्यानेच भरलं. खाजाभाईने सांगितलं, तेल मुरलेल्या प्लेटा लगेच सुधारणार नाहीत. गाडी दुकानात न्यावीच लागेल, पण एकट्या माणसाने, सावकाश, डाव्या कडेने.

"मी नेतो," निवृत्ती म्हणाला. "तुम्ही बसनं वंदनेला जा."

संगारेड्डीची बस समोर येऊन थांबली. रेणुका पोरीला घेऊन चढली. प्रज्ञेशही निघाला, आणि पायरीवर पाय ठेवून परत वळला. निवृत्ती हेल्मेट डोक्यावर घालून हात दोन्ही बाजूंना लांब धरून उभा होता. कोपरापर्यंत तेलाने माखलेले हात, पट्टा लावायला येईना. कंडक्टर ओरडत होता. प्रज्ञेश जवळ आला, सासऱ्याची हनुवटी त्याने दोन बोटांनी जरा वर केली आणि पट्टा अडकवला. मग तो घट्ट बसलाय का, ते एकदा ओढून पाहिलं.