मोकळा वाफा

रोह्याला दिनानाथ सरांच्या कार्यालयात भाविका संगणकावर जमिनीचे नकाशे काढायची. पेणच्या खाडीकाठच्या एका बंद पडलेल्या मिठागराचं काम तिच्याकडे आलं. हद्द आखून तिने त्या आकारात चौकटींची जाळी भरली, चौकटी वाफ्यांच्या मापाच्या केल्या.

बांधाजवळची एक चौकट उमटलीच नाही.

तिने जाळी पुसून पुन्हा भरली. रेघांमधलं अंतर कमी केलं, तेव्हा मोकळ्या जागेभोवती बारीक चौकटी दाटल्या. जाळी तिरपी केली. रेघा फिरल्या, जागा तिथंच राहिली. जाळी लागते ती अख्ख्या आकाराला. मधला तुकडा आपोआप सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या संगणकावरही तेच झालं. शेवटी तिने नकाशा तसाच छापला.

दुसऱ्या दिवशी हद्दी तपासायला कान्हूबाबा आले. त्या मिठागरात त्यांची हयात गेली होती. कागदावरून फिरणारं त्यांचं बोट पांढऱ्या जागेशी थांबलं.

"ह्ये तुला कोनी सांगितलं गो?"

"काय, बाबा?"

बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "उधाणात बांध फुटला तवा माझी बायको हितं माती टाकीत व्हती. येसू. मी टोपली आनाया वळलो. परत बघतो त नाय. कधी गावलीच नाय. मंग त्या वाफ्यात आमी मीठ धरलं नाय."

दिनानाथ सर आतून म्हणाले, "भाविका, तेवढा भाग हाताने भर. असा नकाशा कोण घेईल?"

तिने रेघा ओढायला घेतल्या. दुसऱ्या रेघेला कान्हूबाबांनी छातीशी हात धरला. भाविकाने दोन्ही रेघा पुसल्या, त्या जागेला वेगळी हद्द दिली, जाळी दिली नाही आणि खाली लिहिलं, 'पाण्याखालची जागा'.

"सर, आहे तसं दाखवलंय."

सरांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि सही केली.

आठवड्याने मोजणी ताडून बघायला ती पेणला गेली. सगळे वाफे कोरडे, भेगाळलेले होते. बांधाजवळच्या त्या एकातच पाणी होतं, काठोकाठ. बांधावर बसून कान्हूबाबा त्या पाण्याशी हळू आवाजात बोलत होते, मधेच थांबून ऐकत होते.

भाविका जवळ गेली नाही. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती लांबच उभी राहिली.